कुशाबाची म्हैस, जयसिंगचा आंबा

माले गावचा कुशाबा तसा कामाचा माणूस, पण हातात कोयता आला की थांबायचं कुठं हे त्याला कळत नसे. माघात सगळं गाव राबासाठी फांद्या तोडायचं. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा अंथरायचा, वर माती पसरायची आणि पेरणीआधी तो थर भाजून काढायचा, म्हणजे रोप जोमानं येतं. बाकीचे लोक लागतील तेवढ्या फांद्या तोडून खाली उतरत. कुशाबा मात्र झाडाचा निव्वळ सोट उरल्याशिवाय उतरत नसे.

वर मुळशीला धरणाची भिंत पुरी होत आली होती, त्या साली त्यानं गोठ्यापुढचं जांभूळ धरलं. त्याची बायको तुळजाबाई शेणाची पाटी घेऊन खाली उभी होती. तिनं मान वर करून सांगितलं, "दोन फांद्या ऱ्हाऊ द्या की. म्हस दुपारची हितंच बसती."

"म्हस वैरणीवर दूध देती," कुशाबा वरून म्हणाला, "पाल्याच्या सावलीवर न्हाई देत." आणि तिनं बोट दाखवलेली फांदी त्यानं सगळ्यात आधी तोडली.

राबाचा ढीग गावात सगळ्यांत उंच झाला. कुशाबा कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी निमित्त काढून तिथं थांबवत राहिला. जांभळाकडे कुणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं तिथं काही उरलंही नव्हतं.

म्हशीचं नाव मैना. अंगानं धिप्पाड, शिंगं मागं वळलेली, आणि चाल अशी की वाट तिच्या मालकीची आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून ती पाच शेर दूध द्यायची. कुशाबाला स्वतःच्या अंगच्या कुठल्याही गुणापेक्षा या पाच शेरांचा अभिमान जास्त होता.

पाडव्याला भैरोबाच्या देवळापुढं गाव जमलं. जत्रेच्या नैवेद्याच्या खिरीला पाच शेर दूध लागे आणि ते दरसाल चार घरांतून गोळा होई. भिवाजी गुरवानं दुधाचा विषय काढला तसा कुशाबा बोलून गेला, की यंदा चार घरं फिरायची गरज नाही, सगळं दूध त्याच्या एकट्याच्या घरचं, एकट्या मैनेचं. बोलायची तशी काही निकड नव्हती. पण समोर जयसिंग बसला होता.

जयसिंग त्याचा ओढ्याकडचा शेजारी. दोघांची वावरं बांधाला बांध लागून, पण तीन वर्षं झाली, दोघांत बोलणं नव्हतं. जयसिंगच्या लेकीच्या लग्नात कुशाबाला दुसऱ्या पंगतीला बसवलं गेलं होतं. कुशाबाचं म्हणणं, मुद्दाम बसवलं. जयसिंगचं म्हणणं, पहिल्या पंगतीच्या वेळी हा मांडवात झोपला होता. दोघांच्या बायका पाणवठ्यावर रोज भेटत, बोलत, एकमेकींच्या डोक्यावर हंडे चढवत. नवऱ्यांच्या भांडणात त्यांना फारसा रस नव्हता.

पाडवा झाला आणि ऊन पेटलं. डोंगर करडे पडले, ओढ्यात मधेमधे डबकी उरली. मैना गोठ्यापुढं सवयीनं जांभळाच्या बुंध्याशी जाऊन उभी राही. पण वर बोटभर पालवी, आणि खाली तिच्या पाठीवर सरळ ऊन. गोठा म्हणजे कुडाच्या भिंती आणि ठेंगणं छप्पर. दुपारी आत वाफ कोंडायची, म्हणून ती आत थांबायची नाही. जीभ बाहेर काढून, मान लांब करून धापा टाकत राही. वैरण समोर तशीच पडलेली.

पाच शेराचं चार झालं, चाराचं तीन. आठ दिवसांत तांब्याचा तळ झाकण्याइतकं दूध येऊ लागलं.

कुशाबाला खात्री होती की ही दृष्ट आहे, आणि कुणाची तेही त्याला ठाऊक होतं. त्यानं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. शिंगाला काळा दोरा आणि लिंबू बांधलं. मैनेनं लिंबू बांधावर घासून पाडलं आणि खाल्लं.

त्या दिवसांत धुळाजी धनगराची मेंढरं कुशाबाच्या खालच्या वावरात बसायला होती. मेंढरांच्या लेंड्या-मुतानं रान कसदार होतं, म्हणून लोक धनगराला धान्य देऊन वावरात मेंढरं बसवत. धुळाजी बोलायला सावकाश. तो मैनेभोवती एक चक्कर मारून आला, तिच्या नाकपुडीला हात लावला आणि म्हणाला, "दृष्ट न्हाई कुशाबा. तिला ऊन झालंय. सावलीला बांधा."

कुशाबाला हे पटण्यासारखं होतं. पण हेच तुळजाबाई चार दिवस म्हणत होती, त्यामुळं त्याला ते पटवून घेता येईना. सावली हवी तर आपण करू, असं तो म्हणाला, जणू झाडाची सावली वेगळी आणि माणसानं केलेली सावली निराळी. चार मेढी म्हणजे खांब पुरून, वर कामट्या टाकून त्यानं पळसाच्या डहाळ्यांचा मांडव घातला. अर्धा दिवस खपून काम झालं तेव्हा तो मांडवाखाली जाऊन उभा राहिला आणि तुळजाबाईला हाक मारली, बघायला ये म्हणून. ती हात पुसत बाहेर आली तेवढ्यात मैनेनं पाठ खाजवायला मेढीला अंग लावलं. मांडव सावकाश एका अंगाला कलला आणि कुशाबासकट खाली बसला. पाल्याच्या ढिगातून त्याचं मुंडासं तेवढं दिसत होतं. तुळजाबाईनं त्याला ओढून काढलं, मुंडाशातला पाला झटकला आणि आत निघून गेली. ते त्याला जास्त लागलं.

मग पाण्याचा उपाय. दुपारी म्हशीच्या अंगावर पाणी ओतायचं. तुळजाबाईनं सांगून टाकलं की माणसांचं पाणी ती आणते, म्हशीचं ज्याचं त्यानं आणावं. कुशाबा खांद्यावर कावड घेऊन डबक्याच्या खेपा घालू लागला. पाणवठ्यावर बाया पदराआड हसत. राजाबाई नावाची एक म्हातारी तोंडावर म्हणाली, की इतकं पाणी त्यानं बायकोला आणून दिलं असतं तर तिनंच दूध दिलं असतं. चार खेपांत मैनेचं अंग भिजे, आणि कुशाबा पाचवी आणेपर्यंत सुकून जाई. दूध होतं तेवढंच राहिलं. जत्रेला बारा दिवस उरले.

त्या दिवशी अगदी ईर्ष्येला पेटून कुशाबा तेराव्या खेपेची कावड घेऊन वर आला तर खुंट्याला नुसतं तुटकं दावं. मैना नाही. माग काढत तो ओढ्याकडं उतरला आणि बांधाशी थबकला.

जयसिंगच्या वावराच्या टोकाला त्याच्या आज्यानं लावलेला आंबा होता. फांद्या जमिनीपर्यंत वाकलेल्या, पाला इतका दाट की भरदुपारी खाली संध्याकाळ वाटावी. त्या गारव्यात मैना पाय दुमडून बसली होती आणि डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. पलीकडे मुळीवर जयसिंग तंबाखू मळत बसला होता.

आता बोलायचं कसं? कुशाबा बांधावर उभा राहून मैनेला म्हणाला, "मैने, लोकांच्या झाडाखाली बसायला लाज वाटत न्हाई?"

जयसिंगनं तंबाखू दाढेखाली सारली. मग तोही मैनेलाच म्हणाला, "बस मैने. ज्याच्या घरी सावली न्हाई त्यानं काय करावं?"

कुशाबानं मैनेला सांगितलं की तिच्या घरी सगळं आहे. जयसिंगनं मैनेला विचारलं की मग ती दावं तोडून का आली. कुशाबानं पुढं होऊन तिच्या गळ्यातलं तुटकं दावं धरलं आणि ओढलं. मैना हलली नाही. त्यानं शेपटी पिळली, मागून खांदा लावला, घामाघूम झाला. जयसिंगची बायको लीलाबाई भाकरी घेऊन आली होती. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिनं कुशाबापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. कुशाबा पाणी प्यायला, आणि म्हैस उठेपर्यंत बांधावर उन्हात बसून राहिला. सावलीत बसणं म्हणजे हार मानणं झालं असतं.

त्या संध्याकाळी मैनेनं रोजच्यापेक्षा शेरभर दूध जास्त दिलं. तुळजाबाईनं चरवी त्याच्यापुढं ठेवली. कुशाबा म्हणाला, दोऱ्याचा गुण आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाहिलं, की तुळजाबाईनं मैनेला काथ्याच्या दाव्यानं न बांधता केळीच्या सोपानं बांधलं आहे. असला दोर शेळीसुद्धा तोडील. त्यानं ते पाहिलं, घसा खाकरला आणि राबाकडं निघून गेला. दुपारी मैना आंब्याखाली होती. तिसऱ्या दिवशी सोपही नव्हता.

दूध चार शेरावर आलं. कुशाबा रोज उन्हं कलली की म्हैस आणायला जाई, मैनेच्या मार्फत जयसिंगला चार शब्द ऐकवी, चार ऐकून घेई. एरवी सगळं सुरळीत चाललं असतं, पण एके दिवशी तो पाटी घेऊन गेला आणि आंब्याखालचं शेण भरू लागला. जयसिंग उठून पाटीच्या आड उभा राहिला. त्यानं मैनेला सांगितलं की शेण जिथं पडलं तिथलं. कुशाबानं मैनेला सांगितलं की म्हैस ज्याची, शेण त्याचं, कारण वैरण त्याची. दोघांनी पाटीला हात घातला. दोन्हीकडून ओढाताण सुरू झाली आणि मैना मधे बसून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिली.

धुळाजी मेंढरं पाण्यावर नेत होता. कुशाबानं त्यालाच पंच केलं. धुळाजी काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "जनावर ज्याचं शेण त्याचं म्हनता? मग तुमच्या वावरातल्या लेंड्या मी उद्या गोळा करून नेतो. मेंढरं माझी हायेत."

कुशाबानं पाटी सोडली. शेण आंब्याचं झालं.

जत्रेला एक दिवस उरला. आदल्या दिवशी दोन्ही वेळचं मिळून पुरतं पाच शेर दूध निघालं होतं आणि कुशाबा देवळाकडं जाऊन भिवाजीला दोनदा सांगून आला होता, की भांडं मोठं ठेव. आजची संध्याकाळ आणि उद्याची सकाळ एवढ्या दोन धारा काढायच्या होत्या.

त्या दिवशी सकाळीच जयसिंगचा मेव्हणा हैबतराव जत्रेसाठी नेऱ्याहून आला. माणूस उत्साही, त्याला रिकामं बसवत नसे. जयसिंग देवळाच्या मांडवाला बांबू बांधायला गेलेला. हैबतराव वावरात चक्कर मारायला आला तर आंब्याखाली परकी म्हैस. कुणाची म्हणून त्यानं वाटेनं जाणाऱ्याला विचारलं, तर कुशाबाची. तीन वर्षं तो दाजींच्या तोंडून कुशाबाविषयी ऐकत आला होता. दाजींवर उपकार करायची अशी संधी पुन्हा आली नसती. त्यानं मैनेला काठी घातली आणि उठवून थेट पौडच्या कोंडवाड्यात नेऊन घातली, जयसिंगच्या नावानं तक्रारही लिहवून आला.

परतल्यावर त्यानं ही बातमी मोठ्या आनंदानं सांगितली. जयसिंगच्या हातातला बांबू खाली पडला. तेवढ्यात देवळापुढं कुशाबा आला. त्याला वाटेतच कळलं होतं. तो तिथूनच वळला. पौडच्या वाटेला लागला, डोक्याला मुंडासंसुद्धा न घालता. जयसिंगही त्याच्यामागं निघाला.

दुपारची वेळ. वाट तापलेली, वहाणांतून चटका वर येत होता. कुशाबा पुढं, जयसिंग वीस पावलं मागं. अर्धा कोस असे गेले. बोलायचं तर दोघांनाही होतं, पण मधे मैना नव्हती. जयसिंगनं इकडंतिकडं पाहिलं. एक कावळा होता, तोही उडून गेला. पुढं कुशाबाची पावलं वाकडी पडू लागली तसा तो झपाझप गाठत आला आणि खांद्यावरचं उपरणं त्याच्या अंगावर टाकलं.

"कुशाबा, डोस्कं झाक. पडशील."

कुशाबानं उपरणं गुंडाळलं. चालता चालता तो म्हणाला, "त्या लग्नात मी झोपलो नव्हतो. डोळं मिटून बसलो व्हतो."

"घोरत व्हतास."

"डोळं मिटून घोरत व्हतो."

पुढची वाट दोघं बरोबरीनं चालले.

कोंडवाडा म्हणजे चार दगडी भिंती आणि वर आभाळ. मुन्शी घरी जेवायला गेला होता. तो येईपर्यंत जनावर सुटणार नाही, असं दारावरच्या शिपायानं सांगितलं आणि आत जाऊन बघायला तेवढं जाऊ दिलं. मैना मधोमध उभी होती. तोंडाला फेस, मान खाली, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. कुशाबानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. इतक्या खेपा पाणी ओतलं, पण भरदुपारी त्यानं तिच्या पाठीला हात कधी लावला नव्हता. तापलेला तवा बरा.

मुन्शी येईना. कुशाबाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकू लागले. त्यानं चारी बाजूंना बघितलं. त्या अख्ख्या आवारात एकच सावली होती, ती मैनेची. तो तिच्या पोटाला टेकून खाली बसला. जयसिंग थोडा वेळ मान राखून उभा राहिला, मग तोही येऊन बसला. सावली एका म्हशीची आणि माणसं दोन, त्यामुळं गुडघे पोटाशी घेऊन, खांद्याला खांदा लावून बसावं लागलं.

"तुळजा म्हनत व्हती," कुशाबा एकदम म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई."

मुन्शी आला आणि त्यानं वही उघडली. म्हैस कुणाची, असं त्यानं विचारलं. कुशाबानं माझी म्हणून सांगितलं. शिरली कुणाच्या रानात? जयसिंगनं माझ्या म्हणून सांगितलं. मुन्शीनं चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं. आजवर त्याच्यापुढं म्हशीचा मालक आणि रानाचा मालक एका उपरण्यानं घाम पुसत आलेले नव्हते.

"नुकसान काय केलं म्हशीनं?"

जयसिंगनं विचार केला. "शेण टाकलं."

"त्याची तक्रार आहे?"

"न्हाई. ते मीच ठिवून घेतलं."

मुन्शीनं लेखणी खाली ठेवली, तक्रार मागं घेतल्याचं लिहून दोघांचे अंगठे घेतले आणि दंड न घेताच म्हैस घेऊन जा असं सांगितलं. तेवढ्यासाठी दोघांनी त्याला हात जोडले. परतीच्या वाटेवर जेवढी झाडं लागली तेवढ्यांखाली मैना थांबली, आणि दोघं तिच्यासंगं थांबले. घरी पोचायला दिवस मावळला.

धारेला जेमतेम शेरभर दूध आलं. सकाळी दीड. अडीच शेराची चरवी पुढं ठेवून कुशाबा ओसरीवर बसला. बाहेर ढोल वाजू लागला होता. देवळापुढं जाऊन काय सांगायचं हे त्याला सुचेना. गावानं हसायचं ते हसून घेतलं असतं, पण त्याला जास्त वाईट वाटत होतं ते मैनेचं, की तिचंच नाव त्यानं पुढं केलं होतं.

तेवढ्यात बांध ओलांडून लीलाबाई आली. मागं हैबतराव, डोक्यावर दुधाची घागर, मान खाली. तिनं भावाकडून सगळ्या घरची धार काढून घेतली होती आणि घागर देवळापर्यंत त्यानंच न्यायची असं बजावलं होतं. ती तुळजाबाईला म्हणाली, "अडीच शेर हाय. मापून घ्या." तुळजाबाईनं न मापताच चरवी घागरीत ओतली.

देवळापुढं अख्खं गाव जमलं होतं. भिवाजी गुरवानं रीतीप्रमाणं मोठ्यानं विचारलं, दूध कुणाच्या घरचं. सगळ्यांच्या माना कुशाबाकडं वळल्या. कुशाबानं एकदा घागरीकडं पाहिलं.

"निम्मं जयसिंगच्या घरचं," तो म्हणाला. "निम्मं मैनेचं. आन मैनेचं हाय तेबी जयसिंगच्या आंब्याखालचं हाय."

मग मागून कुणीतरी विचारलं, आंब्याखालचं म्हणजे कसं? इथं थांबला असता तर तो कुशाबा कसला. म्हैस उन्हात किती देते, सावलीत किती देते, कितव्या दिवशी किती वाढलं, पाठ कशी तापते, पाणी ओतून काय होतं आणि काय होत नाही, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. भिवाजीनं दोनदा घंटा वाजवली तरी तो थांबला नाही. गोठ्यापुढचं झाड कधीही तोडू नये, हे आपण पहिल्यापासून म्हणत आलो, असंही तो शेवटी म्हणाला. बायकांच्या घोळक्यात तुळजाबाईनं तोंडाला पदर लावला आणि लीलाबाईला कोपरानं ढोसलं.

त्याचं बोलणं गावानं फारच मनावर घेतलं. राबाच्या पायी, कुशाबाचा उंच ढीग बघून, यंदा अर्ध्या गावानं आपापल्या गोठ्यापुढची झाडं सोलून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आंब्याखाली तीन म्हशी होत्या. तिसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी अकरा म्हशी, दोन गाई आणि धुळाजीची आजारी मेंढी.

त्या दिवशी कुशाबा जेवून ओसरीवर आडवा होत होता, तो जयसिंग आला. उपरण्यानं वारा घेत, पायाला शेण लागलेलं. तो पायरीशी उभा राहिला. तीन वर्षांत त्यानं ही पायरी चढली नव्हती.

"जागा न्हाई," तो म्हणाला.

"कुटं?"

"माझ्याच झाडाखाली."

कुशाबा उठून बसला. "मैनेला तरी मिळाली का?"

"तिची जागा कोन घेतंय? पार बुंध्याशी बसलीय. मलाच उठवलं तिनं."

तुळजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. जयसिंगनं पाय धुतले. कुशाबा भिंतीकडं सरकला आणि त्यानं घोंगडीची निम्मी बाजू त्याच्यासाठी मोकळी केली.